पेटीकाकांचा डावा हात

(शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





मी कीर्तनकार नाही, प्रवचनकार तर नाहीच. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या हळदीत मी कीबोर्ड वाजवलाय, एवढीच माझी ओळख. दिवा, आगासन, दातिवली, बेतवडे, इकडं डोंबिवलीपर्यंत. समितीनं सांगितलं, शंभर वर्षांचं पुस्तक निघतंय, आपल्या दिंडीत कीबोर्ड कसा आला, त्यावरून काय काय झालं, ते तू सांग. काहींना ते आठवून अजून राग येतो हे मला माहीत आहे. येऊ द्या. मी झालं तसं सांगतो.

गोष्ट पेटीकाकांची आहे. माझे सख्खे चुलते, पण अख्खी दिंडी त्यांना पेटीकाकाच म्हणते. वागळे इस्टेटला कारखान्यात होते. सकाळच्या गाडीत दिव्याला चढायचे ते टाळ घेऊनच. मुंब्रा, कळवा, ठाणं, तेवढ्यात तीन अभंग. गाडीत पेटी कुठं नेणार, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून पेटी संध्याकाळी देवळात, आणि वर्षातून एकदा आळंदीच्या वाटेवर, मुक्कामाला. चालताना आपल्याकडं टाळ, मृदंग, वीणा. पेटी टेम्पोतून येते आणि रात्री कीर्तनाला उघडते. चाळीस वर्षं ती पेटी काकांनी वाजवली. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं दोन महिन्यांत परत आलं, चालणं काठीवर आलं, हात नाही आला.

पेटीचं असं आहे बघा, तिला दोन हात लागतात. एक वाजवायला, एक श्वास द्यायला. काकांचा राहिला तो श्वास देणारा हात. एकट्या डाव्या हातानं भाता मारायचा की सूर धरायचा? शेजारी बसून मी भाता मारतो म्हणालो, तर दोन दिवस करून बघितलं आणि काका म्हणाले, "पोऱ्या, दुसऱ्याच्या श्वासानं मना बोलता येत नाय." खरं होतं. कुठं दाब द्यायचा, कुठं सोडायचा, ते मला कळत नव्हतं. माझ्या हळदीच्या वाजवण्यात श्वास नसतोच. विजेवर चालतं सगळं.

त्या वर्षी पेटी देवळात कपड्याखाली झाकून राहिली. बाहेरून पेटीवाले बोलावले, चांगले होते. काका मागच्या रांगेत बसायचे आणि डाव्या हातानं मांडीवर काहीतरी दाबत राहायचे.

काकांची नात कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिनं एक दिवस मला विचारलं, काका, तुमच्या कीबोर्डला मिडी आहे का? म्हटलं आहे, पण मी कधी वापरलं नाही. आता हे मिडी काय प्रकरण आहे ते थोडं सांगावं लागेल, म्हणजे पुढचं समजेल.

मिडी म्हणजे आवाज नव्हे. मिडी म्हणजे निरोप. मी कीबोर्डची पट्टी दाबली की आतून एक निरोप जातो: अमुक नंबरची पट्टी, एवढ्या जोरानं दाबली. सोडली की दुसरा निरोप: अमुक नंबरची पट्टी सोडली. बस. आवाज काढायचा तो निरोप घेणाऱ्यानं काढायचा. आषाढीला माऊलींच्या सोहळ्यात तुम्ही चोपदार बघितलेत. दंड वर झाला की सगळं थांबतं. दंड काही गात नाही, पण त्याच्यावाचून गाणं सुरू होत नाही की थांबत नाही. मिडी तसलं आहे. 1983 साली ही पद्धत ठरली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी, दोघं वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं बनवणारे. एका कंपनीच्या वाद्याला दुसऱ्या कंपनीच्या वाद्याची भाषा कळत नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी एकच भाषा पुढं आणली. तीच आज चाळीस वर्षांनंतरही चालते. माझ्या धंद्यात इतकी टिकलेली दुसरी गोष्ट नाही.

पट्ट्यांना नंबर असतात, 0 पासून 127 पर्यंत. मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे 60, काळी एक 61, पांढरी दोन 62, असं चढत जायचं. आपल्या दिंडीत बुवा पांढरी चारला गातात. म्हणजे आपला सा झाला 65. पंचम 72. कुठलाही नंबर घ्या, बारानं भागा, बाकी उरेल त्यावरून सूर कळतो, सप्तक कुठलंही असो. हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा आहे.

तर नातीची कल्पना अशी. आजोबांसमोर दोन सप्तकांचा छोटा मिडी कीबोर्ड ठेवायचा. त्याला भाता नाही, त्यामुळे डावा हात मोकळा. डाव्या हाताला धावता येत नाही, त्यानं आयुष्यात कधी सुराला बोट लावलेलं नाही, पण दोन-तीन पट्ट्या धरून ठेवता येतात. सा आणि प. सा आणि म. आजोबांनी सूर धरायचे, आणि चाल मी वाजवायची, माझ्या मोठ्या कीबोर्डवर. मधे लॅपटॉप. लॅपटॉपनं आजोबांनी काय धरलंय ते बघायचं आणि माझे सूर त्यात बसवायचे. मी चुकलो तर माझा चुकलेला सूर बाहेरच येऊ द्यायचा नाही, शेजारच्या बरोबर सुरावर नेऊन ठेवायचा.

कारण चुकणार मी होतोच. मला हळदीची गाणी पाठ, अभंगाच्या चाली नाहीत. चाली काकांच्या डोक्यात. हात माझे, डोकं त्यांचं, आणि मधे मशीन. ऐकायला छान वाटलं सगळ्यांना. मला तर फारच छान वाटलं, कारण शिकायचा त्रास वाचत होता. हे आता मोकळेपणानं कबूल करतो.

पहिल्या दिवशी देवळात लावलं. काकांनी सा-प धरला. मी वाजवायला लागलो, तर जे वाजवेन ते सा नाहीतर प. रिषभ वाजवला, सा आला. धैवत वाजवला, प आला. मशीननं सांगितलेलं काम चोख केलं होतं: धरलेल्या सुरांपैकी जवळचा जो, त्यावर ने. दोनच सूर धरलेले, तर दोनच सूर येणार. पखवाजवाले बुवा म्हणाले, ही चाल आहे की गाडीचा भोंगा?

मग तिनं बदल केला. काकांनी सा-प धरला तर सा रे ग म प ध आणि शुद्ध नि, हे सात सूर मोकळे. सा-म धरला तर त्याच सातांत निषाद कोमल. बाकी सूर मी दाबले तर जवळच्या मोकळ्या सुरावर जातील. हे बरं वाजायला लागलं.

पण दोन अडचणी राहिल्या, आणि त्या मी मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्या दिंड्यांतली पोरं असलं करायला बसली तर त्यांना याच येणार.

पहिली अशी. माणूस दोन पट्ट्या एकदम दाबतो असं आपल्याला वाटतं, पण बोटं एकदम पडत नाहीत. एक आधी, एक मागून. काकांच्या हातात तर हे अंतर जास्तच. मशीन इतकं घाईचं, की पहिली पट्टी पडल्या पडल्या निर्णय करून मोकळं. दुसरी येईपर्यंत माझा सूर चुकीच्या ठिकाणी जाऊन बसलेला. म्हणून थोडं थांबायला सांगावं लागतं. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीस भाग थांब, मग ठरव. पण थांबवलं की माझा सूर उशिरा येतो. आपल्या दिव्याच्या फाटकासारखं. फाटक उघडं ठेवलं तर गाड्या अडकतात, बंद ठेवलं तर माणसं. तीस भाग म्हणजे किती, तर आवाज हवेतून तेवढ्या वेळात साधारण दहा मीटर जातो. म्हणजे मला उचलून पखवाजापासून तीस-बत्तीस फूट लांब बसवल्यासारखं झालं. विलंबित चालीत चालतं. टाळकरी पावली खेळायला लागले, लय चढली, की मी मागं पडतो.

दुसरी अडचण भारी गमतीची. मी पट्टी दाबली 67 नंबरची. मशीननं ती वाजवली 65 म्हणून. मी धरून ठेवली. तेवढ्यात काकांनी सूर बदलला. मी पट्टी सोडली. मशीननं नव्यानं हिशेब केला, आता 67 म्हणजे 67च, आणि निरोप पाठवला: 67 बंद कर. पण 67 वाजतच नव्हती. वाजत होती 65, तिला बंद करायचा निरोप कुणीच दिला नाही. सूर चिकटला. मी दोन्ही हात वर करून दाखवतोय, आणि कीबोर्ड वाजतोच आहे! देवळात बसलेल्या एका आजींनी हात जोडले. शेवटी वायर काढली. त्या रात्री नातीनं दुरुस्त केलं: कुठली पट्टी काय म्हणून वाजवली ते लिहून ठेवायचं, आणि सोडताना तीच बंद करायची. सुरू ज्याला केलं, बंदही त्यालाच करायचं.

सुराचंही सांगतो. कीबोर्ड कंपनीतून येतो तेव्हा पांढरी सहा 440 ला लावलेली असते. पेटीच्या पट्टीखाली पितळेच्या सुऱ्या असतात, त्या कारागिरानं घासून लावलेल्या. टोकाकडं घासलं तर सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. आपली पेटी जुनी, थोडी चढी. कीबोर्ड आणि पेटीची पांढरी सहा एकदम दाबा आणि कान द्या. सूर एक असेल तर सरळ रेषेत ऐकू येतो. थोडा फरक असेल तर आवाज हेलकावे खातो. सेकंदाला दोन हेलकावे म्हणजे एक 440 आणि दुसरा 442. पेटी पाच मिनिटांत घासता येत नाही, म्हणून कीबोर्डनंच हलायचं. त्यात बारीक सूर हलवायची सोय असते. आधी बुवांचा सा, मग वीणा, मग पेटी, मग पखवाजाची पुडी, आणि सगळ्यांत शेवटी कीबोर्ड. आमच्याकडच्या कीबोर्डवाल्यांना हे उलटं करायची सवय आहे. हळदीत मीच सगळ्यांना पट्टी देतो. अपवाद एकच, धवलारीण. ती तिच्या मनानं सूर लावते, तो कधी कधी काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच असतो, आणि तिला कुणी थांबवायचं नसतं. मी आयुष्यात दुसऱ्याच्या सुरात जायला पहिल्यांदा तिच्यामुळं शिकलो.

असो. कार्तिक आला. दिंडी निघाली. पनवेल, खालापूर, खोपोली, घाट चढून लोणावळा. काका टेम्पोत, छोटा कीबोर्ड शालीत गुंडाळून मांडीवर. पहिल्या मुक्कामांना बरं झालं. लोकांनी कौतुक केलं. पेटीकाका परत वाजवायला लागले, म्हणून डोळे पुसले काहींनी. मग घाटावरचा मुक्काम आला. त्या रात्री थंडी फार होती, दवानं पखवाजाची पुडी उतरली होती, बुवांनी ती ठोकून वर आणली, आणि कीर्तन रंगलं.

कीर्तनकार महाराजांनी एक अभंग घेतला. चाल अशी, की चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल. आपल्या पांढरी चारच्या हिशेबानं शुद्ध निषाद म्हणजे पांढरी तीन, कोमल निषाद म्हणजे तिला चिकटून खाली काळी दोन. काकांनी सा-प धरला होता. महाराज वरच्या सावरून खाली आले, अगदी सावकाश, कोमल निषादावर थांबले. आणि मला सांगायला अभिमान वाटतो, त्या क्षणी मी बरोबर वाजवलं. काळी दोन दाबली. ती चाल आठ दिवस ऐकून माझ्या बोटात आली होती.

मशीननं बघितलं. सा-प धरलाय, म्हणजे निषाद शुद्ध. काळी दोन या सातांत नाही. जवळचा सूर कुठला? खाली धैवत, एका पट्टीवर. वर शुद्ध निषाद, तोही एका पट्टीवर. दोन्हीकडं सारखंच अंतर. असं झालं तर वर जा, असं नातीनं सहज लिहून ठेवलं होतं. गेलं वर.

महाराजांच्या गळ्यात कोमल निषाद, आणि स्पीकरमधून शुद्ध निषाद. शेजारशेजारचे दोन सूर, मोठ्यानं, लांबवलेले. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही ऐकलं त्यांनी देवाचे आभार माना. महाराजांनी हात वर केला. टाळ थांबले. मी परत काळी दोन दाबली, मला वाटलं माझंच बोट घसरलं. परत तेच.

काकांनी डावा हात कीबोर्डवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. काही बोलले नाहीत.

कीर्तन पुढं वीणा आणि पखवाजावर झालं, चांगलं झालं. सकाळी निघायच्या आधी चार वडीलधाऱ्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, वारकऱ्याच्या कीर्तनात टाळ, मृदंग, वीणा, फार तर पेटी. हे हळदीचं सामान टेम्पोत बांध. मी बांधलं. काकांचा छोटा कीबोर्डही बांधला. तेव्हा मला कळलं की मी नुसती माझी वस्तू नाही बांधत आहे.

दोन दिवस काका गप्प. नात घरून फोन करायची, काय झालं विचारायची. मी सांगितलं तर रडली. म्हणाली, माझंच चुकलं, सा-प ला दोन्ही निषाद मोकळे ठेवायला हवे होते. मी म्हटलं मग ठेव. तर फोन काकांनी मागून घेतला. ते काय म्हणाले ते मी जवळ बसून ऐकलंय.

म्हणाले, "बाय, उद्या दोन्ही निषाद ठेवशील. परवा दुसरी चाल येईल, तिला दोन गंधार असतील, तेही ठेवशील. मग बारा सूर मोकळे झाले, तुज्या मशीनला काम काय उरलं? मी सा-प धरला म्हंजे निषाद बांधला, असं तुला कनी सांगितलं? मी सा-प याच्यासाठी धरतो, की गाणाऱ्याला काय बी करता यावं."

यावर मी फार विचार केला. मी हळदीत तीन सुरांचे कॉर्ड धरतो. सा-ग-प. त्यात गंधार आला की गाणाऱ्याला सांगून टाकलं, तुझा गंधार हाच. सिनेमाच्या गाण्यात ते चालतं, गाणं बांधतानाच तसं बांधलेलं असतं. अभंगाला ते जाचतं. शिवाय कीबोर्डचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येतो त्यापेक्षा थोडा चढाच असतो. एका पट्टीपासून दुसरीपर्यंत शंभर भाग मानले तर साधारण चौदा भाग चढा. कारण कीबोर्डात सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेत. पंचमात फरक दोनच भागांचा, कळत नाही. पेटीतही हेच दुखणं. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली ती यासाठीच. काकांनी कधी मला हे आकडे सांगितले नाहीत, त्यांना माहीतही नाहीत. पण चाळीस वर्षांत त्यांनी गाणाऱ्याखाली गंधार कधी धरून ठेवला नाही. सा-प, नाहीतर सा-म. माझी समजूत होती की डाव्या हाताला तिसरी पट्टी सापडत नाही म्हणून ते दोनच धरतात!

आळंदीला पोचलो. इंद्रायणीत स्नान झालं, समाधीचं दर्शन झालं, आणि त्या रात्री तंबूत काकांनी वडीलधाऱ्यांसमोर विषय काढला. मी अपेक्षाच केली नव्हती. ते म्हणाले, आपल्या आज्या-पणज्यांनी दिंडी काढली तेव्हा पेटी नव्हती, हे मी माझ्या बापसाकडून ऐकलंय. पेटी आली तेव्हाही भांडण झालं होतं. ते ऐकून मी नंतर थोडं वाचलं, तर आपल्याच दिंडीत नाही, मोठमोठ्यांत हे भांडण झालंय. हार्मोनियम हे नाव घेऊन पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ यांनी 1842 साली पेटंट घेतलं. ती पायानं भाता मारायची पेटी. मांडी घालून हातानं वाजवायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्यांनी रूढ केली. आपल्याकडं गोविंदराव टेंबे यांच्यासारखे वादक होऊन गेले, तरी 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. कारण काय, तर ही परदेशी, हिला मींड घेता येत नाही, हिचे सूर आपल्या गळ्याचे नाहीत. आता यातलं खोटं एकही नाही, बरं का. तरी पेटी राहिली. का राहिली, ते मी सांगणारा कोण. पण काकांची पेटी मी लहानपणापासून ऐकली आहे, ती गळ्याच्या पुढं कधी गेली नाही, अर्धं पाऊल मागंच असायची.

वडीलधाऱ्यांनी विचारलं, मग तुमचं म्हणणं काय, हे मशीन ठेवायचं? काका म्हणाले, मशीननं सूर बदलायचा नाही. पोऱ्या चुकला तर चुकू दे, तुम्ही त्याला शिव्या घाला, तो शिकेल. मशीनकडून मना एकच पायजे. माझा हात उठला की याचा आवाज बंद झाला पायजे.

एवढंच मागितलं. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, हे तर एका संध्याकाळचं काम आहे. आणि तिनं त्यात आणखी एक गोष्ट केली, ती तिची स्वतःची. मघाशी म्हटलं, मिडीच्या निरोपात पट्टी किती जोरानं दाबली तेही असतं, 1 पासून 127 पर्यंत. काकांनी ज्या जोरानं पट्टी दाबली, त्या मापानं माझा कीबोर्ड मोठा किंवा बारीक. हळू धरली तर मी हळू. जोरानं धरली तर मी मोकळा. हात उचलला तर माझा आवाज एकदम तुटत नाही, विरत विरत जातो, भाता रिकामा होत जावा तसा. सूर एकही बदलत नाही. त्यामुळे ते तीस भाग थांबणंही गेलं. काकांची बोटं पुढंमागं पडली तरी चालतं, काही ठरवायचंच नाही.

काकांनी पहिल्यांदा लावून बघितलं तेव्हा मी चाल वाजवत होतो. त्यांनी सा-प हळूच धरला, मग थोडा जोर दिला, मग सोडला. माझा आवाज खाली गेला, वर आला, विझला. त्यांनी परत केलं. चार-पाच वेळा केलं. मग म्हणाले, "हा माझा भाता हाय."

मला मात्र शिकावं लागलं. मशीन झाकत नाही म्हटल्यावर सगळं उघडं पडलं. वर्षभर संध्याकाळी देवळात बसलो. काका गुणगुणायचे, मी वाजवायचो, चुकलो की ते हात उचलायचे. रागावणं नाही, बोलणं नाही. आवाज बंद. आपण वाजवतोय आणि काहीच ऐकू येत नाही, याच्याइतकी वाईट शिक्षा वाजवणाऱ्याला नसते. कधी कधी मी चुकलेलो नसायचो, तरी उचलायचे. विचारलं, का? तर म्हणाले, तिथं गाणारा श्वास घेतो. पंचवीस वर्षं वाजवत होतो, गाणारा श्वास कुठं घेतो याकडं माझं लक्ष गेलं नव्हतं.

पुढच्या कार्तिकात वडीलधाऱ्यांनी एका मुक्कामाची परवानगी दिली, बघू म्हणाले. तोच अभंग घेतला महाराजांनी, मुद्दाम घेतला असणार. उतरताना ते कोमल निषादावर थांबले. काकांनी जोर कमी केला, मी काळी दोन लावली, बारीक, अगदी खालून. महाराज पुढं गेले. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. त्याच्याइतकी मोठी शाबासकी मला हळदीत कधी मिळाली नाही, नोटा पुष्कळ मिळाल्या.

आजही काही माळकरी बंधूंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. चालताना दिंडीत कीबोर्ड नाही, नसावा. गजराला नाही. हरिपाठाला काका आले तर, नाहीतर नाही. आणि काका नसतील तेव्हा काय, हा प्रश्न समितीत निघाला होता. तेव्हा मी सांगितलं की मधली वायर आहे तशीच राहील. पलीकडं हात ठेवणारं कुणी बसलं तर माझा आवाज येईल. कुणी नाही बसलं तर मी टाळ घेईन. काकांची नात अलीकडं त्यांच्या शेजारी बसते, कधी कधी काका तिचा हात पट्टीवर ठेवतात आणि वरून स्वतःचा. बायांच्या रांगेतून उठून ती पुढं बसते म्हणून एक-दोघं कुजबुजले होते. महाराजांनीच त्यांना गप्प केलं.

आता हरिपाठाची वेळ झाली. पखवाजवाले बुवांची कणीक भिजवून झालीय, आणि काका मघापासून दोनदा माझ्याकडं बघून झालेत. छोट्या कीबोर्डची वायर टेम्पोतच राहिलीय, ती आणायला हवी.

रामकृष्ण हरी.